मेंदूच्या होमोजिनेटमध्ये कॅल्शियमवर चालणारी फॉस्फोलायपेज ॲक्टिव्हिटी दर खेपेला वेगळी का येते?

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. उंदराच्या किंवा बोकडाच्या मेंदूचं होमोजिनेट (बफरमध्ये वाटून केलेला लगदा) केलं, फॉस्फोलायपेज ए-टूचा, म्हणजे फॉस्फोलिपिडमधून स्निग्धाम्ल तोडणाऱ्या एन्झाइमचा, असे (assay, ॲक्टिव्हिटी मोजण्याची चाचणी) लावला. एका आठवड्यात कॅल्शियम घातल्यावर ॲक्टिव्हिटी तिप्पट झाली. पुढच्या आठवड्यात कॅल्शियम असो वा नसो, रीडिंग तेच. तिसऱ्या खेपेला दोन्हीकडे जवळजवळ शून्य. मग गाइडना कळवलं जातं, 'सर, एन्झाइम मेलं.' नवा मेंदू येतो, नवं सबस्ट्रेट मागवलं जातं, पैसे जातात, आणि महिनाभराने तीच रडकथा.

बहुतेक वेळा एन्झाइम धडधाकट असतं. गडबड असते ती नळीतल्या मोकळ्या कॅल्शियममध्ये. वहीत '१ मायक्रोमोलर' लिहिलेलं असतं आणि नळीत प्रत्यक्ष काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं. म्हणून एन्झाइमवर संशय घेण्याआधी कॅल्शियमचा हिशोब तपासा.

आधी ठरवा, कुठल्या एन्झाइमबद्दल बोलताय

'कॅल्शियमवर चालणारं' हा शब्द मेंदूच्या बाबतीत फार सैल आहे. फॉस्फोलिपिडवर काम करणारी निदान चार-पाच वेगवेगळी मंडळी एकाच होमोजिनेटमध्ये बसलेली असतात आणि प्रत्येकाची कॅल्शियमची गरज निराळी.

सायटोसोलिक फॉस्फोलायपेज ए-टू (सीपीएलए-टू), म्हणजे ८५ किलोडाल्टनचं गट चार-ए, याला मायक्रोमोलर किंवा त्याहूनही कमी कॅल्शियम पुरतं. आणि ते कॅल्शियम प्रत्यक्ष बंध तोडण्यासाठी लागत नाही. त्याच्या सी-टू डोमेनला कॅल्शियम चिकटलं की एन्झाइम पेशीतल्या लिपिडच्या पडद्यावर जाऊन बसतं, इतकंच. तोडण्याचं काम सेरिन-२२८ करतं. हे फळ्यावर लिहून ठेवा, पुढे दोनदा कामाला येणार आहे.

स्रवणारं छोटं फॉस्फोलायपेज ए-टू साधारण १४ किलोडाल्टनचं. त्याच्या सक्रिय जागेतच कॅल्शियम बसतं आणि त्यासाठी मिलिमोलर पातळी लागते. गट सहा कॅल्शियमशिवाय चालतं. मेंदूत ते भरपूर असतं आणि तुमच्या 'शून्य कॅल्शियम' नळीतलं बरंचसं रीडिंग त्याचंच असतं.

याशिवाय फॉस्फॅटिडिलसेरिन बनवणारी बेस-एक्स्चेंज एन्झाइम आहेत. सस्तन प्राण्यांत हा लिपिड याच मार्गाने बनतो. पहिलं एन्झाइम फॉस्फॅटिडिलकोलीनवरून आणि दुसरं फॉस्फॅटिडिलइथेनोलामीनवरून डोकं काढून सेरिन बसवतं. मायक्रोसोमवर (पेशीतल्या पडद्यांच्या बारीक तुकड्यांवर) हा असे करताना कॅल्शियम मिलिमोलरमध्येच घालावं लागतं. आणि कॅल्शियमवर चालणारं एन-ॲसिलट्रान्सफरेज, ज्याची ॲक्टिव्हिटी कुत्र्याच्या मेंदूत पूर्वीपासून दिसत होती पण जे प्रथिन म्हणून २०१६ साली ओळखलं गेलं. ते निघालं गट चार-ई, म्हणजे नावाने फॉस्फोलायपेजच्याच घरातलं.

सांगायचा मुद्दा असा की ५ मिलिमोलर कॅल्शियम घालून आलेली वाढ सीपीएलए-टूची म्हणून लिहिली, तर परीक्षक विचारणारच. ते मोजायचं तर १०० नॅनोमोलर ते १० मायक्रोमोलर हा पट्टा नीट बांधावा लागतो, आणि खरी डोकेदुखी तिथेच सुरू होते.

'शून्य कॅल्शियम' नळीत शून्य नसतं

जिवंत न्यूरॉनच्या आत मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर. बाहेर एक मिलिमोलरहून थोडं जास्त, म्हणजे दहा हजार पटींचा फरक. होमोजिनायझरचा दांडा फिरला की ही भिंत कोसळते. बाहेरचं, मायटोकाँड्रियातलं, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधलं सगळं एकत्र. दहा टक्के होमोजिनेटमध्ये एकूण कॅल्शियम ०.१ मिलिमोलरच्या आसपास जातं. त्यात बफरच्या पाण्यातलं, काचेतून सुटलेलं आणि इतर मिठांमधलं मिळवा. काही मायक्रोमोलर तर काही न करता येतात.

आता कॅल्शियम 'न घातलेल्या' नळीत ईजीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारा चिलेटर) नसेल, तर सीपीएलए-टूला हवं तेवढं कॅल्शियम आधीच मिळालेलं असतं. वरून घातलेल्याने फरक पडत नाही. विद्यार्थी लिहितो, 'ॲक्टिव्हिटी कॅल्शियमवर अवलंबून नाही.' पाणी एका आठवड्यात ताज्या मिलीक्यूचं (अतिशुद्ध पाण्याच्या यंत्राचं), दुसऱ्या आठवड्यात काचेच्या बाटलीत पडून राहिलेलं. मग निकाल हलणारच. कंट्रोल नळीत निदान १ ते २ मिलिमोलर ईजीटीए हवाच, आणि कॅल्शियमचे स्टॉक प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा.

पण ईजीटीए घातला की दुसरा खेळ सुरू होतो. पीएच ७.२ ला ईजीटीएचा कॅल्शियमसाठीचा केडी (ज्या मोकळ्या कॅल्शियमला निम्मा ईजीटीए भरतो ती पातळी) साधारण १५० नॅनोमोलर. समजा १ मिलिमोलर ईजीटीएमध्ये तुम्हाला १ मायक्रोमोलर मोकळं कॅल्शियम हवंय. गणिताने ०.८७ मिलिमोलर एकूण कॅल्शियम घालावं लागतं. कागदावर ठीक. आता हे तीन प्रकार पाहा.

ईजीटीएच्या बाटलीतला माल ९५ टक्के शुद्ध असेल, तर तेवढ्याच कॅल्शियमला मोकळं कॅल्शियम १.६ मायक्रोमोलर होतं. अर्धी नळी होमोजिनेटने भरली आणि ऊतीतून आणखी ०.०५ मिलिमोलर आलं, तर १.७ च्या आसपास. आणि पीएच ७.२ ऐवजी ७.० असेल, तर केडी अडीच पट होऊन मोकळं कॅल्शियम २.५ मायक्रोमोलर. तिन्ही एकत्र आले तर हिशोबच सोडा. ईजीटीए जवळजवळ भरत आला की तो बफर म्हणून कुचकामी होतो आणि नेमका तिथेच आपण त्याला राबवतो.

त्यामुळे १ मायक्रोमोलरच्या वर ईजीटीएचा हट्ट सोडा. १ ते १० मायक्रोमोलरसाठी एचईडीटीए, त्याच्याही वर दहा-शंभर मायक्रोमोलरला एनटीए, हे सैल पकडीचे चिलेटर वापरा. परवडत असेल तर खालच्या पट्ट्यात बाप्टा, कारण त्यावर पीएचचा परिणाम फार कमी. गणित हाताने करू नका. मॅक्सचिलेटर हा मोकळ्या कॅल्शियमचा हिशोब करणारा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात तापमान, पीएच आणि आयनिक स्ट्रेंग्थ तिन्ही तुमच्या नळीचे भरा. समोर आलेली २० अंशाची ठरीव आकडेवारी तशीच सोडली तर वापरून उपयोग नाही.

शुद्धतेचा प्रश्न कायमचा मिटवायचा असेल तर एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. ईजीटीए पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा (आम्लात तो विरघळतच नाही, तासभर ढवळत बसाल). पीएच मीटर लावा. कॅल्शियम क्लोराइड थेंबाथेंबाने घाला. प्रत्येक कॅल्शियममागे ईजीटीए दोन प्रोटॉन सोडतो, म्हणून पीएच पडतो; हायड्रॉक्साइडने परत वर आणा, पुन्हा थेंब. एका टप्प्यावर थेंब टाकला तरी पीएच पडायचा थांबतो. तिथे ईजीटीए संपला. हा झाला कॅल्शियम-ईजीटीएचा स्टॉक. तेवढ्याच तीव्रतेचा कोरा ईजीटीए दुसऱ्या बाटलीत. पीएच ७.२ ला दोन्ही समसमान मिसळले की मोकळं कॅल्शियम १५० नॅनोमोलर. नऊला एक मिसळले की १.३५ मायक्रोमोलर. बाटलीवरची शुद्धता काय होती याने आता काही बिघडत नाही.

कॅल्शियम क्लोराइडचंही तेच. पावसाळ्यात निर्जल दाण्यांची बाटली दोनदा उघडली की आत चिखल. शिवाय निर्जलचं आणि डायहायड्रेटचं रेणुभार वेगळं, १११ आणि १४७. कपाटात दोन्ही बाटल्या शेजारी असतात आणि वहीत नुसतं 'कॅल्शियम क्लोराइड' लिहिलेलं. डायहायड्रेट घेऊन निर्जलच्या आकड्याने तोललं तर स्टॉक पाव हिश्शाने कमी. तयार प्रमाणित १ मोलर द्रावण विकत घ्या. वर्षभर पुरतं.

पीएच कुणीतरी गुपचूप हलवतंय

दोन प्रोटॉन सुटतात हे वर आलंच. आता १० मिलिमोलर हेपेस बफरमध्ये ७.२ ला ०.८७ मिलिमोलर कॅल्शियम ईजीटीएवर टाकलं, तर पीएच सुमारे ०.३ ने खाली येतो. म्हणजे जास्त कॅल्शियमच्या नळ्या आपोआप जास्त आम्ल, आणि त्यामुळे त्यांतलं मोकळं कॅल्शियम वहीपेक्षा आणखी जास्त. आलेख छान चढता दिसतो, पण तो दोन गोष्टींचा मिळून असतो. हेपेस ५० ते १०० मिलिमोलर ठेवा आणि सगळ्या नळ्या मिसळून झाल्यावर एका फालतू नळीत पीएच प्रत्यक्ष मोजा.

ट्रिस बफर वापरणाऱ्यांसाठी वेगळं. ट्रिसचा पीएच दर अंशाला ०.०२८ ने पडतो. २५ अंशाला ७.४ केलेला बफर ३७ अंशाच्या वॉटर बाथमध्ये ७.०७ च्या आसपास असतो. थंड खोलीत ४ अंशाला ७.४ केला असेल तर ३७ ला तो साडेसहाच्या घरात. बेस-एक्स्चेंजला तर क्षारीय पीएच मानवतो. तिथे हा घसरा थेट ॲक्टिव्हिटीच खातो. बफर ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला त्याचा पीएच लावा.

कॅल्शियम खाणारे लपलेले पाहुणे

'दोन्हीकडे शून्य' ही तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारतो: प्रोटिएज इन्हिबिटरची गोळी कुठली? बाजारात एकाच नावाच्या दोन गोळ्या मिळतात, एक ईडीटीएसह आणि एक ईडीटीएविना. स्टोअरमध्ये जी असेल ती येते. ईडीटीए साधारण १ मिलिमोलर पडतो आणि तुमचं मायक्रोमोलरचं गणित वाहून जातं. डबा बघा, झाकणावरचा स्टिकर नको.

गोळी अजिबात नको असंही नाही. कॅल्शियम घातलं की कॅल्पेन जागी होते आणि प्रथिनं कुरतडायला लागते. ल्युपेप्टिन किंवा ई-६४ सुटे घाला.

फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियम घालून पांढरा गाळ आला तर कारण सांगायला नको. पण सोडियम फ्लोराइड लोकांच्या लक्षात येत नाही. सीपीएलए-टूचं सेरिन-५०५ वरचं फॉस्फेट टिकावं म्हणून ५० मिलिमोलर फ्लोराइड घातलं जातं, आणि त्यात कॅल्शियम फ्लोराइड खाली बसतो. द्रावणात उरणारं कॅल्शियम नॅनोमोलरमध्ये. फॉस्फटेज रोखायचेच असतील तर ओकाडाइक आम्लाचा पर्याय आहे. एटीपी घालत असाल तर तोही कॅल्शियम धरतो. मॅक्सचिलेटरमध्ये त्याची ओळ भरायला विसरू नका.

ॲक्टिव्हिटी कधी पेलेटमध्ये, कधी सुपरनॅटंटमध्ये

फळ्यावर लिहिलेलं इथे पहिल्यांदा कामाला येतं. होमोजिनायझेशन बफरमध्ये ईजीटीए नसेल, तर ऊतीतल्याच कॅल्शियममुळे सीपीएलए-टू पडद्याला चिकटतं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये १,००,००० × g वर तासभर फिरवल्यावर पेलेटबरोबर (तळाच्या गाळाबरोबर) खाली जातं. ईजीटीए असेल तर बरंचसं सुपरनॅटंटमध्ये (वरच्या द्रवात) राहतं. दोन्ही भाग फ्रीझरमध्ये टाकले पण फक्त सुपरनॅटंट मोजलं, की 'यंदा ॲक्टिव्हिटी गेली' असं वाटतं. ती बाजूच्याच डब्यात असते.

आणखी एक भानगड. मेंदू किती वेळ उबदार राहिला यावरही हे ठरतं. रक्तपुरवठा थांबला की पेशीत कॅल्शियम शिरतं आणि मोकळी स्निग्धाम्लं, विशेषतः ॲराकिडोनिक आम्ल, मिनिटांत चढतात. निकोलास बाझान यांनी हे १९७० साली उंदराच्या मेंदूत दाखवलं होतं. त्या मिनिटांत एन्झाइमही पडद्याकडे सरकतं. म्हणजे होमोजिनायझर फिरण्याआधीच वाटणी झालेली असते.

आपल्याकडे पुष्कळ प्रयोगशाळा खाटकाकडून बोकडाचा भेजा आणतात. स्वस्त आहे, प्राणी-नीती समितीची कागदपत्रं कमी, आणि मायक्रोसोम मुबलक मिळतात. बेस-एक्स्चेंजसाठी मी तो बिनधास्त वापरेन. पण मोकळं ॲराकिडोनेट किती, किंवा एन्झाइम पडद्यावर किती आणि बाहेर किती, या प्रश्नांसाठी तो मेंदू निकामी आहे. कापल्यापासून कवटी फोडून बर्फात पडेपर्यंतचा वेळ तुमच्या हातात नाही; दुकानात गर्दी असेल तर आणखी लांबतो. त्या प्रश्नांसाठी उंदीर घ्या आणि डोक्यावर केंद्रित मायक्रोवेव्हची सोय असेल तर लिपिड मोजण्यासाठी ती वापरा. मात्र मायक्रोवेव्हने एन्झाइमही शिजतं, तेव्हा असेसाठी वेगळा प्राणी लागतो.

थायो सबस्ट्रेट आणि डीटीटी

रेडिओॲक्टिव्ह परवाना नाही म्हणून बरेच जण ॲराकिडोनॉइल थायो-पीसी (तुटल्यावर थायोल सोडणारं सबस्ट्रेट) आणि डीटीएनबी (थायोलबरोबर पिवळं होणारं रसायन) वापरतात, ४१२ नॅनोमीटरला पिवळा रंग मोजतात. होमोजिनायझेशन बफरमध्ये डीटीटी (स्वतःच थायोल असलेलं, डायसल्फाइड तोडणारं रसायन) असेल तर तो रंग एन्झाइमविनाच येतो. ब्लँकचं रीडिंग प्लेट-रीडरच्या कमाल मर्यादेपर्यंत, मग वजाबाकीतून जे उरतं ते निव्वळ नॉइज. मेंदूत ग्लुटाथायोन आणि प्रथिनांचे थायोलही आहेत, त्यामुळे डीटीटी काढला तरी ब्लँक शून्य होणार नाही. डिसॉल्टिंग कॉलममधून नमुना काढा आणि प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा सबस्ट्रेटविना ब्लँक ठेवा.

डीटीटीचा दुसरा गुण असा की तो स्रवणाऱ्या छोट्या फॉस्फोलायपेजचे डायसल्फाइड बंध तोडून त्याला निकामी करतो. एका आठवड्यात डीटीटीसह, एकात विना केलं, तर मिलिमोलर कॅल्शियमची ॲक्टिव्हिटी येणार-जाणारच. हाच गुण निदानासाठी उलटा वापरता येतो, फक्त रेडिओॲक्टिव्ह असेत. ५ मिलिमोलर डीटीटीने जी ॲक्टिव्हिटी पडली ती बहुधा छोट्याची. ईजीटीएमध्ये जी टिकली ती गट सहाची असावी, आणि ब्रोमोइनॉल लॅक्टोनने ती पडते का पाहा. त्या लॅक्टोनवर आंधळा विश्वास मात्र नको. तो फॉस्फॅटिडेट फॉस्फोहायड्रोलेजलाही रोखतो.

किटच्या डब्यावर 'सीपीएलए-टू असे' छापलेलं असतं म्हणून तो फक्त तेच मोजतो असं नाही. थायो-पीसी तिघेही तोडतात.

कॅल्शियम एन्झाइमवर नाही, सबस्ट्रेटवर काम करतंय

हे सापडायला सगळ्यात अवघड, म्हणून थोडं थांबतो. फॉस्फॅटिडिलसेरिन किंवा इतर ऋणभारित लिपिडचे लायपोसोम (लिपिडचे सूक्ष्म फुगे) घेतले आणि मिलिमोलर कॅल्शियम घातलं, की ते एकमेकांना चिकटतात, एकजीव होतात, गुंडाळ्या होऊन खाली बसतात. कधी यामुळे एन्झाइमला सबस्ट्रेट मिळेनासं होतं आणि ५ मिलिमोलरला आलेख खाली वळतो. लोक त्याला 'कॅल्शियमचं इन्हिबिशन' म्हणतात. कधी उलट, पडद्याची रचना बिघडून तोडणं सोपं होतं. दोन्हीत एन्झाइमचा संबंध नाही. सीपीएलए-टूच्या बाबतीत तर कॅल्शियमचं कामच पडद्याशी जोडण्याचं असल्याने हे वेगळं काढणं आणखी कठीण. (फळ्यावरची ओळ, दुसऱ्यांदा.)

तपासणी सोपी आहे. एन्झाइम न घालता फक्त लायपोसोम आणि कॅल्शियमची तीच मालिका लावा, ४०० नॅनोमीटरला गढूळपणा वाचा. गढूळपणाचा आलेख आणि ॲक्टिव्हिटीचा आलेख एकाच जागी वळत असतील, तर तुम्ही एन्झाइम मोजत नव्हता. मग ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटचे मिश्र मायसेल (डिटर्जंट आणि लिपिडचे सूक्ष्म गोळे) वापरून पाहा. तिथे लिपिडची एकूण तीव्रता नव्हे, तर मायसेलच्या पृष्ठभागावरचं त्याचं प्रमाण महत्त्वाचं. ट्रायटन वाढवला की सबस्ट्रेट तेवढंच असूनही पृष्ठभागावर ते विरळ होतं आणि वेग पडतो. दर खेपेला ट्रायटन आणि लिपिड यांचं मोल-प्रमाण एकच ठेवा.

मेंदूतलंच मोकळं ॲराकिडोनेट आणि फॉस्फोलिपिडही तुमच्या लेबल केलेल्या सबस्ट्रेटला पातळ करतं, आणि नळीत एटीपी व कोएन्झाइम-ए असेल तर सुटलेलं स्निग्धाम्ल परत लायसोलिपिडवर चढवलं जातं. रीडिंग कमी येतं, तोडणं कमी झालेलं नसतं. प्रथिनाचं प्रमाण अर्धं केल्यावर ॲक्टिव्हिटी अर्धी व्हायला हवी. ती तेवढीच राहिली किंवा वाढली, तर पातळ होण्याचा हाच प्रकार समजा.

तरीही बसत नसेल तर

एका नळीत सर्वाधिक ॲक्टिव्हिटीचं जुनं होमोजिनेट आणि आजचं 'मेलेलं' होमोजिनेट समप्रमाणात मिसळा. दोन्हींच्या सरासरीइतकं आलं तर आजच्यात खरोखर एन्झाइम कमी आहे. सरासरीहून बरंच खाली आलं तर आजच्यात काहीतरी रोखणारं आहे, बहुधा ईडीटीए किंवा फ्लोराइड. मग आजच्या नळीत कॅल्शियम टप्प्याटप्प्याने ५ मिलिमोलरपर्यंत चढवा. मध्येच ॲक्टिव्हिटी अचानक उसळली तर चिलेटर तिथे संपला, आणि त्या आकड्यावरून तो किती होता तेही कळतं. अजिबात उसळली नाही तर फ्लोराइड किंवा फॉस्फेट शोधा. नळी पाच मिनिटं फिरवून तळाशी पांढरं बसतंय का ते आधी पाहा.

मोकळं कॅल्शियम प्रत्यक्ष मोजायचं असेल तर फ्युरा-टू हा कॅल्शियम दाखवणारा डाय १ मायक्रोमोलरच्या वर जवळजवळ भरून जातो, तिथे त्याचं रीडिंग धरू नका. वरच्या पट्ट्याला मॅग-फ्युरा-टू किंवा कॅल्शियम-निवडक इलेक्ट्रोड. इलेक्ट्रोड होमोजिनेटमध्ये बुडवू नका, लिपिडने पडदा चिकट होतो. बफर मिसळून, ऊतीऐवजी तेवढंच पाणी घालून मोजा आणि ऊतीचा वाटा वेगळा धरा.

मदत मागताना 'कॅल्शियम १ मायक्रोमोलर' एवढंच लिहू नका. चिलेटर कुठला व किती, एकूण कॅल्शियम किती, पीएच कुठल्या तापमानाला लावला, इन्हिबिटरची गोळी कुठली, डीटीटी आहे का आणि मेंदू किती वेळात बर्फात गेला, हे सगळं लिहिलंत तर उत्तर पहिल्या खेपेलाच देता येतं.